जावयाच्या गावी दिवेलागण

मी सेलू तालुक्यातल्या शाळांमधून तीस वर्षं भूगोल शिकवला आणि तेवढ्या वर्षांत पृथ्वीनं मला एकदाही दगा दिला नाही. फळ्यावर मी काढीन तशी ती कलायची, खडूनं दाखवीन तिथं सूर्य उगवायचा आणि तास संपला की डस्टरनं मावळायचा. मी निवृत्त होईपर्यंत ती शहाण्यासारखी वागली. नंतर तिनं मला जावयाच्या गावी गाठलं.

आधी जावयाविषयी सांगतो. आमची एकुलती एक लेक सोनाली परभणीला नर्सिंग शिकली, पुण्यात नोकरीला लागली आणि तिथून उत्तरेकडं सरकत सरकत नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला जाऊन थांबली. (थांबली म्हणजे पुढं जमीनच नव्हती.) तिथं तिनं मागनूस नावाच्या सुताराशी लग्न केलं. माणूस इतका उंच की कुठल्याही चौकटीची परवानगी घेतल्यावरच आत येतो. लग्न आम्ही इथूनच फोनवर पाहिलं. मी अक्षता फोनवर टाकल्या, त्या पलंगाखाली गेल्या.

माझी बायको सुमन मात्र रुसली होती. सोनालीनं नवऱ्याला फोनसमोर आणलं की सुमन आपला फोन हळूच वर फिरवायची. आमच्या घरातली एकच वस्तू जावयानं नीट पाहिली होती, ती म्हणजे छताचा पंखा. सोनाली रडवेली होऊन म्हणायची, "आई, एकदा तरी त्याला जावई म्हण गं." सुमनचं उत्तर ठरलेलं, "जावई म्हणायला जावयावानी काहीतरी दिसावं लागतं." मायलेकी दिवसातून दोनदा बोलायच्या, पण त्यांच्यामध्ये तो पंखा सारखा फिरत असायचा.

मग औंदा उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. हा अधिकाचा महिना तिसऱ्या वर्षी येतो आणि त्यात जावयाला वाण देतात. तेहतीस अनारसे, पुरणाचे धोंडे आणि तुपाचा दिवा. सोनालीनं फोनवर बारीक आवाजात एवढंच विचारलं, "आई, औंदा धोंड्याचा महिना हाय ना?" दोन दिवस सुमननं भांडी जरा जोरात घासली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर अनारशाचे तांदूळ भिजत घातलेले. मी समजलो, आपल्याला नॉर्वेला जायचंय.

सुमनचं माहेर चारठाणा, आणि तिच्या माहेरची या वाणाची रीत फार कडक आहे. वाण द्यायचं ते दिवेलागणीलाच. दिवस मावळला की दिवे लावायचे, लेक-जावयाला जोडीनं पाटावर बसवून ओवाळायचं आणि मगच जेवायचं. तोपर्यंत देणारानंही खायचं नाही आणि घेणारानंही नाही, फक्त पाणी चालतं. जावई म्हणून मीही हा उपास पाळलेला आहे. (दुपारी मागच्या दारानं फाट्यावर जाऊन दोन प्लेट भजी खाल्ली होती. सुमनला ते आजवर ठाऊक नाही. हे लिखाण तिच्या हाती पडलं तर होईल.)

निघायच्या आधी सुमननं मला एकच प्रश्न विचारला. "ओ, तिकडं दिवस मावळतो ना येळंवर?"

मी घसा साफ केला. तीस वर्षांत घरच्या माणसानं मला भूगोलातला प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता. मी सांगितलं, "उन्हाळा हाय, जरा उशिरा मावळंल. आर्क्टिक वृत्तावर सूर्य मावळत न्हाई, पर ते एकवीस जूनला. पुस्तकात छापलेलं हाय. एकवीस जूनला आजून अवकाश हाय."

"नक्की ना?"

"मी भूगोलाचा मास्तर हाय, सुमन."

हा दोन मार्कांचा प्रश्न होता आणि मी तो दरवर्षी परीक्षेत टाकत असे. आर्क्टिक वृत्ताच्या आणखी वर गेलं की तोच एक दिवस लांबत लांबत दोन महिन्यांचा होतो, हे पुस्तकात पुढच्याच ओळीत होतं. पण दोन मार्कांना तेवढं लिहावं लागत नसे. सोनालीनं फोनवर तिथल्या उजेडाबद्दल काहीतरी सांगायला सुरुवातही केली होती. मी म्हणालो, "आगं, मला काय सांगायलीस," आणि विषय बदलला.

तीन विमानं बदलून आम्ही पोचलो तेव्हा हाडं खिळखिळी झाली होती. अनारशांचा डबा सुमननं सगळ्या प्रवासात मांडीवर धरला होता, तान्ह्या लेकराला धरतात तसा. विमानतळावर जावई दोन्ही हात जोडून उभा. त्याला मराठीतलं एक वाक्य येत होतं. आपल्याकडं माणूस भेटला की हेच विचारतात, असं सोनालीनं त्याला शिकवलं होतं. तो खाली वाकला आणि सुमनला म्हणाला, "जेवलात का?" सुमननं लेकीकडं बघून उत्तर दिलं, "जेवलो म्हणावं." घरी गेल्यावर सोनालीनं आमच्या खोलीचे जाड काळे पडदे ओढले. आत मिट्ट काळोख झाला. "बघ, झाली की न्हाई रात?" मी सुमनला म्हणालो आणि समाधानानं झोपलो.

दुसरा दिवस चतुर्दशीचा होता. तिसऱ्या दिवशी अमावस्या, आणि अवसेला सुमन नवी साडीसुद्धा अंगाला लावत नाही, वाण कुठून देणार? अवस झाली की महिना संपला. म्हणजे वाण आजच, नाहीतर थेट तीन वर्षांनी. सोनालीची सकाळची ड्युटी होती. जाताना तिनं नवऱ्याला बजावलं की आई सांगेल तसं कर आणि काहीही विचारू नकोस. आम्हाला म्हणाली, "संध्याकाळी मी येतेच." नवऱ्याला दिलेल्या त्या एका सूचनेवर आमचा पुढचा सगळा दिवस उभा राहिला, हे नंतर लक्षात आलं.

मी माझ्या इंग्रजीत जावयाला उपासाची रीत समजावली. दिवस मावळेपर्यंत खायचं नाही, पाणी चालेल. त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा खिडकीतून बाहेर सूर्याकडं पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि बायकोची आठवण येऊन मिटलं. मग मान डोलावली. मला वाटलं, किती समजूतदार पोरगा आहे.

दिवसभर सुमन स्वयंपाकघरात होती. पुरण शिजलं, धोंडे उकडले, घरभर वेलदोड्याचा वास सुटला. जावई तिला हवं ते वरच्या फळीवरून काढून देत होता, आणि ओळख वाढवायची म्हणून तासातासानं येऊन हसून विचारत होता, "जेवलात का?" तिसऱ्या वेळी सुमन माझ्याकडं वळली. "ओ, ह्यो मुद्दाम करायलाय का? उपाशी माणसाला सारखं काय इचारायलाय?"

"त्याला तेवढंच येतं गं."

"मंग सोनीला म्हणावं दुसरं काहीतरी शिकीव."

संध्याकाळ झाली असं घड्याळ म्हणायला लागलं. सुमननं दोन पाट मांडले, भोवती रांगोळी काढली, ताटात अनारसे रचले, निरांजनात तूप घातलं आणि आम्ही तिघं खिडकीशी बसलो. समोर समुद्र होता, पलीकडं डोंगर आणि डोंगरावर बराच वर सूर्य. बराच वेळ पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं की तो खाली येतच नाहीये. बांधावरून म्हैस चालावी तसा तो आडवा चालला होता, कुणाची घाई नसल्यासारखा.

"आडवा का चाललाय ह्यो?" सुमननं विचारलं.

"इथं तिरपा मावळतो," मी म्हणालो. शास्त्रीयदृष्ट्या हे अगदी चूक नव्हतं.

तेवढ्यात सोनालीचा फोन आला. पुढच्या ड्युटीची बाई आजारी पडली होती, त्यामुळं हिलाच थांबावं लागणार होतं. आवाज रडका झाला होता. "आई, तुम्ही उरकून घ्या. माझ्यासाठी थांबू नका." सुमननं फोन ठेवला. "लेकीबिगर कसलं वाण?" एवढंच म्हणाली. पण उद्या अवस होती. जोडी नसली तरी निदान एकट्या जावयाला तरी ओवाळावं म्हणून ती परत सूर्याकडं बघत बसली. आता तिच्या नजरेत सूर्याबद्दल आदर राहिला नव्हता.

शेवटी एकदाचा सूर्य डोंगरामागं गेला. "मावळला!" मी उठून उभा राहिलो. धांदल उडाली. सुमननं भराभर दिवे लावले, जावई पाटावर बसला (त्याचे गुडघे कानाच्या वर गेले), कुंकू लागलं, अक्षता पडल्या, ओवाळायला सुरुवात झाली. ताटाचा पहिला फेरा अर्ध्यावर आला आणि सूर्य डोंगराच्या दुसऱ्या बाजूनं बाहेर पडून थेट जावयाच्या तोंडावर आला. बिचाऱ्यानं डोळे मिटले, पण पाट सोडला नाही.

सुमननं ताट खाली ठेवलं. "ह्यो मावळला होता का लघवीला गेला होता?"

मी फुंकर मारून दिवे शांत करायला गेलो तर तिनं हातावर चापट मारली. दिवा फुंकायचा नसतो. मग मी तोडगा काढला, "सुमन, आपल्याकडं चारठाण्याला कवाच अंधार पडलाय. तिकडची दिवेलागण धरून देऊन टाकू."

"तिकडची दिवेलागण धरायची तर तिकडं जाऊन जेवा," ती म्हणाली.

मी बाहेर अंगणात आलो. जावई लाकडं फोडत होता, उपाशीपोटी! भर उन्हाळ्यात लाकडं कशाला, हे मला कळेना. सूर्य अजून त्याच्या खांद्यावर होता. मला आता भूक, झोप आणि संशय असं सगळं एकदमच लागलं होतं. मी त्याला विचारलं, "इथं सूर्य मावळतो कधी?" सकाळीच विचारायला हवं होतं, पण भूगोलाच्या मास्तरानं सुताराला विचारायचं म्हणजे जरा जड जातं.

त्यानं कुऱ्हाड ठेवली, हात पुसले आणि शांतपणे सांगितलं, "जुलैच्या शेवटी."

सुमन दारात उभी होती. "काय म्हणायलाय?"

"थोडा उशीर हाय म्हणायलाय."

"थोडा म्हंजे किती?"

मी जमिनीकडं बघत म्हणालो, "आषाढ."

सुमननं माझ्याकडं असं पाहिलं की त्या उजेडातही माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. मला वाटलं, आता मला परतीची तीन विमानं एकट्याला बदलावी लागणार. पण ती माझ्याशी बोललीच नाही. ती जावयाकडं बघत होती. मग म्हणाली, "इचारा त्याला. ठाऊक होतं तर मंग उपाशी कशाला बसला?"

मी विचारलं. तो जरा लाजला. सोनालीनं सांगितलं होतं, आई म्हणेल तसं कर. त्याला वाटलं, इतक्या लांबून आलेली माणसं सूर्य पाहूनच आली असणार, तेव्हा ही जावयाची परीक्षा असेल. पाणी चालतं म्हटल्यावर जुलैअखेरपर्यंत निभेल का, याचा तो सकाळपासून विचार करत होता. लाकडं फोडली की भूक मरते का, ते करून पाहत होता. मरत नव्हती.

मी हे सगळं सुमनला सांगितलं. ती ओट्यावर मटकन बसली आणि तिनं पदर डोळ्याला लावला. "आगं बाई. आषाढापस्तोर बसणार होतं लेकरू."

लेकरू. मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. ज्याला ती वर्षभर पंखा दाखवत होती, त्याला ती लेकरू म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की भूकसुद्धा विसरलो. (फार वेळ नाही.)

"चला, वाढते मी," सुमन उठली. "खड्ड्यात गेली दिवेलागण. त्याला म्हणावं ऊठ, जेवून घे."

मी जावयाला सांगितलं. तो उठला नाही. अवघडून म्हणाला, "सोनाली काही तासांत सुटेल. ती नसताना हे करणं बरोबर वाटत नाही. थांबू या का?"

मी भाषांतर केलं तेव्हा सुमन माझ्यावरच उखडली. "लेकीबिगर वाण न्हाई, हे माझं बोलणं त्याला सांगाया गेलता व्हय?"

"मी काहीच न्हाई सांगितलं. त्याच्याच मनातलं हाय."

सुमन पुन्हा बसली. पण तिच्या मनात अवस घोळत होती. घड्याळाच्या हिशेबानं तारीख बदलत आली होती. तेव्हा माझ्या तीस वर्षांच्या सेवेचं एकदाचं चीज झालं. मी म्हणालो, "सुमन, आपली तिथी घड्याळावर बदलते का?"

"न्हाई. दिवस उगवल्यावर."

"मंग ह्यो मावळलाच न्हाई तर उगवंल कसा? म्हंजे आजून चतुर्दशीच हाय. सोनी येईस्तोर तीच राहणार."

तिनं सूर्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "आत्ता कुठं शिकलेले वाटायलाव," ती म्हणाली आणि आत जाऊन जावयासाठी पेलाभर गरम दूध घेऊन आली. दूध उपासाला चालतं म्हणाली. चारठाण्याच्या रीतीत दूध चालतं हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होतो. मला चालतं का, हे कुणी विचारलं नाही.

सोनाली आली तेव्हा आम्ही तिघं अंगणातल्या बाकावर ओळीनं बसलो होतो, सूर्याकडं तोंड करून, बसची वाट पाहावी तसे. तिला वाटलं, आम्ही जेवून, झोपून, लवकर उठून बसलोय. "जेवलात का सगळे?" तिनं विचारलं. जावई हसायला लागला. मी सगळी हकीकत सांगितली, आडव्या सूर्यापासून आषाढापर्यंत. ती आधी हसली, मग पायातले बूटही न काढता आईच्या कुशीत शिरून रडली.

"माझ्यासाठी थांबलात?"

"सूर्यच थांबला गं तुझ्यासाठी," सुमन म्हणाली. "मावळला आसता तर तुझ्याबिगर उरकलं आसतं मी."

मग प्रश्न राहिला दिवेलागणीचा. सोनालीनं डोळे पुसले, आत गेली आणि बैठकीच्या खिडकीचे जाड काळे पडदे ओढले. खोलीत काळोख पसरला. "लाव दिवे," ती म्हणाली.

सुमननं सावकाश मान वळवून माझ्याकडं पाहिलं. ते पडदे आम्ही आलो तेव्हापासून तिथंच लोंबत होते. कालची रात्रही आम्हाला झोपायच्या खोलीतल्या तसल्याच पडद्यांनी दिली होती. "बघ, झाली की न्हाई रात," असं म्हणणारा माणूस कोण होता, हे तिनं अंधारातही बरोबर ओळखलं.

दिवे लागले आणि खरंच दिवेलागण झाल्यासारखं वाटलं. दोघं पाटावर जोडीनं बसली, एकीचे डोळे झोपेनं मिटत होते आणि एकाचे भुकेनं. सुमननं ओवाळलं, ताट पुढं केलं आणि डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली, "घ्या, मागनूसराव. जावईबापू, घ्या." सोनालीनं तोंडावर हात धरला. जावयाला शब्द कळले नाहीत, पण बायकोकडं पाहून अर्थ कळला असावा. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यानं आपलं एकमेव वाक्य म्हटलं, "जेवलात का?"

"तुमी जेवा बापू," सुमन म्हणाली, "मंग मी." आणि तिनं पुरणाचा पहिला घास स्वतःच्या हातानं त्याला भरवला.

त्यानंतर तो कितीदा तरी हात आडवा धरत होता आणि ती कितीदा तरी वाढत होती. सोनाली ताटावरच पेंगत होती. सेलूला परतल्यापासून आमच्या घरी फोन सरळ धरला जातो. जावयाला आमची भिंत, कपाट, दारातली तुळस आणि सासूबाईंचा चेहरा हे सगळं दिसतं. पंखा त्याला आठवतो का, हे विचारायचं मी टाळतो.

मागच्या आठवड्यात त्यानं फोनवर जाहीर केलं की पुढच्या धोंड्याला तो सेलूला येणार, आणि चारठाण्याच्या रीतीनं उपास करणार. फक्त तयारी करायला बरं म्हणून त्यानं एक गोष्ट आधीच विचारून घेतली, "सेलूला सूर्य मावळतो किती वाजता?"

सुमननं हातातली भाजी खाली ठेवली आणि माझ्याकडं पाहिलं. मी तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस, सेलूत जन्मलेला, रोज संध्याकाळी ओट्यावर बसून तोच सूर्य बघणारा. मी घसा साफ केला आणि फोन सुमनच्या हातात दिला. म्हणालो, "सासूबाईंना विचारा."